राखेचे तसराळे आणि दरबाराचे गुडघे

मी, यान घराण्याची थोरली सून, माहेरची थाङ, वय अडुसष्ट, राहणार राजधानी, श्वेनवू वेशीबाहेर, मेंढीबाजाराची गल्ली, धंदा ठिगळे लावण्याचा, असे लिहून ठेवते की आज माझे डोके ठिकाणावर आहे, नजर सुईत दोरा ओवण्याइतकी शाबूत आहे आणि छातीतला खोकला सोडला तर माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. अक्षर वन मास्तरांचे आहे, कारण मला लिहिता येत नाही. तोंड माझे आहे. मास्तर वेशीपाशी टेबल मांडून लोकांची पत्रे लिहितात, स्वभावाने मऊ आहेत, आणि आत्ताच म्हणाले, "काकू, मृत्युपत्रात शिव्या लिहीत नाहीत." मी म्हटले, "शिव्या कुठे देतेय मास्तर, नावं घेतेय फक्त." तेव्हा त्यांनी शाई उगाळायला घेतली.

कलम पहिले. वाचनाबद्दल.

मी गेल्यावर हे पत्र लगेच उघडू नये. शवपेटीपुढे मेलेल्याच्या वाटखर्चाचे कागद जाळण्यासाठी मातीचे तसराळे ठेवतात, ते माझा पुतण्या यान शिलू दाराबाहेरच्या विटेवर आपटेल. त्याने आपटले की लगेच, खांदेकरी उभे असतानाच, वन मास्तरांनी हे मोठ्याने वाचावे. त्याआधी कोणी उघडले तर त्याला माझा खोकला लागो. आपटल्यावर काय झाले असेल ते मला ठाऊक आहे, त्याकडे शेवटी येते.

खांदेकऱ्यांनी बसून घ्यावे, पत्र लांब आहे. माझ्या सुनेने, सूयुनने, चहा आणि तिळाच्या रोट्या काढून ठेवल्या असतील. धाकटे दीर, शिलूचे वडील, यान देमाओ यांनी मध्ये बोलू नये. जिवंतपणी मी त्यांचे बोलणे पुष्कळ ऐकून घेतले, आज त्यांनी माझे ऐकावे.

कलम दुसरे. माझ्या देहाबद्दल.

मला घालायचे कपडे पलंगाखालच्या पेटीत आहेत. निळे, सुती, कोरे, मी स्वतः शिवलेले. बादशहांच्या सुतकाचे शंभर दिवस अजून भरायचे आहेत, गावभर पुरुष डोकी न भादरता केस वाढवून हिंडत आहेत, तेव्हा रेशीम नको आणि लाल रंग नको हे मला समजते. पण ठिगळ नको. मेलेल्याला फाटके घालून पाठवण्याची आपल्यात रीत नाही. तरी दीर म्हणतील की वहिनींनी जन्मभर काटकसर शिवली, त्यांना जुनेच शोभेल. शोभत असेल तर त्यांनी घालावे. मी जन्मभर दुसऱ्यांची भोके बुजवली आहेत, मला एकदा तरी अख्खे कापड अंगाला लागू दे.

कलम तिसरे. मिळकत कशी झाली त्याबद्दल.

हे कलम एवढ्यासाठी की उद्या कोणी 'ही तर घराण्याची मिळकत' असे म्हणू नये. माझे यजमान यान देरन कापडाच्या दुकानात कारकून होते. ते गेले त्या हिवाळ्यात देमाओ भावजींनी मला आणि आमच्या सहा वर्षांच्या मुलाला, फूलिनला, एक गोधडी, एक पातेले आणि पुष्कळसा उपदेश देऊन घराबाहेर काढले. मी वेशीशी तिवई टाकून बसले आणि हमालांचे, उंटवाल्यांचे फाटके शिवू लागले. भावजी रोज तिथून जात. एकदाच थांबले. म्हणाले, "वहिनी, घराण्याचं नाक कापलंत." मी म्हटले, "आणा इकडे, शिवून देते." त्यानंतर ते रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने जाऊ लागले.

पुढच्याच वर्षी नवे बादशहा, म्हणजे आता वारले तेच, गादीवर बसले, आणि त्यांचा पहिला मोठा हुकूम काटकसरीचा निघाला. महालांची रंगरंगोटी नको, नजराणे नकोत, मेजवान्या नकोत. लोक सांगत की त्यांनी स्वतःच्या विजारीला गुडघ्यावर ठिगळ लावून घेतले आहे. मी ते पाहिलेले नाही. ज्याने पाहिले असा माणूसही मला भेटला नाही, सगळ्यांनी ते पाहिलेल्या माणसाला पाहिले होते. स्वर्गवासी बादशहांबद्दल मला वाईट बोलायचे नाही. माणूस सरळ असावा. पण घरच्या कर्त्याने मीठ कमी खायचे ठरवले तर सुना त्याच्यासमोर अळणी जेवतात आणि चुलीमागे जाऊन लोणचे चाटतात. दरबारात तेच झाले.

एका सकाळी कुठल्याशा साहेबांचा नोकर गाठोडे घेऊन आला. आत दरबारी झगा, इतका नवा की घडीसुद्धा मोडली नव्हती.

"काकू, ह्याला गुडघ्याशी भोक पाडा, आणि मग ते बुजवा."

"भोक कशाला? हा कुठे फाटलाय?"

"तेच तर दुखणं आहे. आमच्या साहेबांच्या घरात फाटकं काही सापडेनाच. शेवटी नवाच आणला."

मला वाटले, थट्टा करायला पाठवला आहे. पण त्याच्या तोंडावर हसू नव्हते. मग मी विचारले की बादशहांचे ठिगळ विजारीला आहे म्हणतात, हे झग्यावर कशाला? तो म्हणाला की विजार झग्याखाली झाकते, मग काटकसर केलेली कळणार कशी. मला पटले. मी कात्री घेतली, उत्तम रेशमाचा तळहाताएवढा गोल तुकडा कापून काढला आणि तिथे निळ्या सुताचे ठिगळ लावले. गोल तुकडा नोकराने मागितला नाही आणि साहेबांना आठवला नाही. मी तो टोपलीच्या तळाशी ठेवला. पुढे तीस वर्षांत असा एकही तुकडा मी टाकून दिलेला नाही.

मग रीघ लागली. आधी चाकर, मग कारभारी, मग पालख्या. जुन्या बाजारात जुना झगा नव्यापेक्षा महाग झाला, आणि तो मिळवण्यासाठी लोक दोन दोन नवे देऊ लागले. ज्यांना जुना मिळाला नाही ते माझ्याकडे आले. नवे रेशीम जुने दिसावे म्हणून मी त्यावर चहाचे पाणी मारी, उन्हात वाळवी आणि भाजक्या विटेने घाशी. ती वीट माझी खरी भागीदार. दरबारातल्या गुडघ्यांनी तीस वर्षांत जेवढे झिजायला हवे होते तेवढे त्या एका विटेने झिजवले आहे. ज्यांचे गुडघे खरोखर झिजत होते ते हमाल मात्र माझ्या दारात यायला बिचकू लागले. त्यांचे काम मी मागच्या दाराने घेत राहिले, हे त्यांना विचारा.

एक गंमत सांगते, म्हणजे खांदेकऱ्यांचा कंटाळा जाईल. एका साहेबांना मी महिनाभर आधी डाव्या गुडघ्याला ठिगळ दिले होते. दुसरा झगा घाईत आला आणि मी ठिगळ उजव्याला लावले. दरबाराबाहेर ओटीवर एक म्हातारे मंत्री त्यांना म्हणाले, "मागच्या महिन्यात तुमची गरिबी डाव्या पायात होती ना?" साहेब घामाघूम होऊन माझ्याकडे आले. मी दुसऱ्या गुडघ्यालाही लावून दिले. तेव्हापासून दोन्ही गुडघ्यांची रीत पडली आणि माझे काम दुप्पट झाले.

त्या कामातून मी हे दुकान आणि मागचे दोन खणांचे घर घेतले. यान घराण्याचा त्यात एक दोरा नाही.

कलम चौथे. सामानसुमानाबद्दल.

सुया, कात्र्या, निखाऱ्याची इस्त्री आणि अंगुस्ताने सूयुनची. दारावरची 'साधेपणा हेच भूषण' ही सोनेरी पाटी एका कृतज्ञ साहेबांनी दिली होती. ती जाड आहे, लाकूड चांगले आहे, ती शेजारच्या खानावळीला द्यावी. कोबी चिरायला बरी पडेल.

माडीवरच्या दोन पेट्यांत जुने केलेले नवे झगे आहेत, गिऱ्हाइकांनी न नेलेले. ते लगेच विकू नयेत. नवे बादशहा तरुण आहेत, त्यांना ठिगळ आवडते की जरतार हे अजून कोणालाच कळलेले नाही. गेल्या आठवड्यात तीन साहेबांचे नोकर हळूच विचारून गेले की लावलेले ठिगळ काढता येते का. येते, मी म्हटले. सूयुन, दोन्ही प्रकारचे काम शिकून ठेव. बादशहा बदलला तरी गुडघे टेकावेच लागतात, तेव्हा तुझी चूल चालू राहील.

कलम पाचवे. पोशाख-भांडाराच्या लोउ साहेबांबद्दल.

वन मास्तर इथे थांबले आहेत. म्हणतात, साहेबांचे नाव नको. मी म्हटले, लिहा, मी तोवर मेलेली असेन आणि तुम्ही फक्त अक्षर आहात.

माझा फूलिन शिपाई होता, उत्तरेच्या खिंडीतल्या ठाण्यावर. चार वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात तो छाती भरून गेला. सोबत्याने त्याचे गाठोडे आणून दिले, त्यात सरकारातून मिळालेला, रुई भरलेला कोट होता. मी शिवणकाम करणारी बाई. कोट हातात घेतल्याबरोबर मला कळले, तरी मी शिवण उसवली. आत रुई नव्हती, बिनउबेचा बोरूचा फुलोरा होता. वाऱ्याच्या झुळकीने घरभर उडाला. माझी नात न्यूऽन्यू तेव्हा रांगत होती, ती टाळ्या पिटत त्यामागे धावायला बघत होती.

त्या वर्षी शिपायांच्या कोटांवरचा खर्च निम्म्यावर आणल्याबद्दल लोउ साहेबांना टोपीत मानाचे मोरपीस मिळाले. दरबारात आभार मानायला जायचे म्हणून ते स्वतः माझ्या दुकानी आले. म्हणाले, "यान काकू, गुडघा झिजलेला दिसला पाहिजे, पण माणूस फाटका दिसता कामा नये."

मी त्यांना माझ्या आयुष्यातले सर्वांत सुरेख ठिगळ लावून दिले. ओरडले नाही, रडले नाही. मी ओरडले असते तर त्यांनी दुकानाला टाळे ठोकले असते, आणि घरात एक विधवा सून आणि एक वर्षाची पोर होती. त्या रात्री सूयुनने आणि मी एकमेकींना धरून जे रडायचे ते रडून घेतले.

तर माझ्या मुलाचा तो कोट मी जपून ठेवला आहे. फुलोरा गोळा करून परत भरला आहे आणि शिवण घातली आहे. तो कोट मी लोउ साहेबांना देते. शवपेट्या करणाऱ्या हाओ पेटीवाल्यांनी तो त्यांच्या वाड्यावर नेऊन द्यावा, सोबत माझा नमस्कार सांगावा, आणि एवढेच म्हणावे की थंडीत हाच घालावा, फार काटकसरीचा आहे.

कलम सहावे. घर, सूयुन आणि पुतण्या.

मी जाताना माझ्यामागे एकच काळजी आहे, ती उघड सांगते. मला मुलगा उरला नाही, आणि आपल्यात रीत अशी की शवपेटी उचलण्याआधी जो तसराळे फोडतो तो वारस. इतकी वर्षे रस्त्याच्या पलीकडून जाणारे देमाओ भावजी गेल्या दोन वर्षांत अचानक अलीकडून जाऊ लागले. वाढदिवसाला दीर्घायुष्याच्या शकुनाची साखरेची पीच फळे आली. शिलू माझे पाय चेपायला आला, आणि चेपता चेपता तुळया मोजत बसला.

घर त्याच्या हाती गेले तर पुढे काय ते ठरलेले आहे. सूयुनला पश्चिमेच्या डोंगरातल्या एका कोळशाच्या व्यापाऱ्याच्या पदरात टाकायचे, तिच्या बदल्यात खेचरांची जोडी ठरली आहे. न्यूऽन्यूला कुणाच्या तरी घरी बालवधू म्हणून पाठवायचे. हे मला भावजींनी सांगितले नाही, व्यापाऱ्याचा माणूस खेचरांचे वय सांगायला चुकून आमच्याच दारात आला, म्हणून कळले. सूयुनने त्याला चहा दिला आणि आत येऊन म्हणाली, "आई, खेचरं तरुण आहेत म्हणे." मग रात्रभर तिच्या हातातली सुई चालू होती आणि कापड एकही पुढे सरकले नव्हते.

ही मुलगी माझ्या पोटची नाही. माझ्या पोटचा गेला तेव्हा ती माहेरी जाऊ शकली असती, गेली नाही. माझ्या खोकल्याची थुंकी तिने पुसली आहे. म्हणून दुकान, घर, मागचे अंगण आणि अंगणातले खजुरासारख्या फळांचे झाड मी सूयुनला देते, तिच्यामागे न्यूऽन्यूला. सूयुनला पुन्हा लग्न करायचे असेल तर तिने ते आपल्या मनाने करावे, खेचरांशिवाय.

आता यान घराणे म्हणेल की बाईच्या जिभेने रीत मोडत नाही. बरोबर आहे. म्हणून मी रीतीनेच जाते.

कलम सातवे, आणि शेवटचे. तसराळ्याबद्दल.

माझ्या वाढदिवसाला घराण्यातले सर्वांत वडीलधारे, ज्यांना सगळे तिसरे आजोबा म्हणतात, ते मुख्य जागी बसले होते. त्यांचा शब्द म्हणजे घराण्याचा कायदा. शेवया खाऊन झाल्या तेव्हा भावजी म्हणाले, "आजोबा, तसराळं आमचा शिलूच फोडणार, एकदा सगळ्यांसमोर सांगून टाका."

आजोबांनी सांगितले. मी पंख्याआडून विचारले, "आणि समजा फुटलंच नाही तर?"

सगळे हसले. आजोबांनी दाढीतली शेवई काढली. "मातीचं तसराळं विटेवर फुटत नाही, असं मी जन्मात पाहिलेलं नाही. पण नाही फुटलं, तर मेलेल्याला तो वारस नको आहे असं समजायचं. ज्याच्याकडून फुटेल त्याचं घर."

"कुणाकडूनही?"

"अगं, कुत्र्याच्या शेपटीनं फुटलं तर कुत्र्याचं!"

भावजी सर्वांत मोठ्याने हसले. हाओ पेटीवाले आणि शाङ कुंभार त्याच टेबलाशी जेवत होते, दोघांनी ऐकले. आजोबा, तुम्ही आत्ता पेटीच्या उजवीकडे उभे असाल. तुमचा शब्द मी तुम्हाला परत देते.

शिलू, तू तसराळे आपटलेस. हात चांगला उचलला असशील, तालीम करताना तुला अंगणात पाहिले आहे. आणि ते फुटले नाही. धप्प असा आवाज झाला असेल आणि ते विटेवरून घरंगळून तुझ्या वडिलांच्या पायाशी गेले असेल. फार तर आत तडा गेला असेल, पण एक कपची पडली नसेल. लोक भुताखेताचे बोलायला लागले असतील. घाबरू नकोस, भूत नाही, शिवण आहे.

बुटांच्या तळव्यांसाठी आपण चिंध्यांचे थर खळीने चिकटवतो ना, तसे थर मी शाङ कुंभाराच्या तसराळ्याला बाहेरून चढवले आहेत, तळापासून काठापर्यंत, आणि त्यावर चिखलाचा लेप दिला आहे, म्हणजे आच लागत नाही आणि दिसतही नाही. चिंध्या साध्या नाहीत. दरबाराच्या झग्यांतून मी कापून काढलेले गोल तुकडे आहेत ते. तीस वर्षांतले मंत्री, कारभारी, हिशेबनीस, खालच्या थरात लोउ साहेब. या मंडळींनी जन्मात एक माणूस पडताना सावरला नाही. आज एक तसराळे सावरले, त्यांच्या नावावर एवढे पुण्य लिहावे. आणि ज्या विटेवर तू ते आपटलेस ती माझी घासायची वीट आहे.

आजोबा, तुमच्या रीतीप्रमाणे शिलू मला नको आहे. रीतीप्रमाणे आता कोणीही फोडू शकते. तुम्ही कुत्र्याला घर द्यायला तयार होतात, तेव्हा सून पुढे आली तर तुमची हरकत नसावी. असेल तर ती गल्लीला ऐकू जाईल अशी बोला, दोन्ही साक्षीदार उभे आहेत.

सूयुन, पुढे ये. न्यूऽन्यूला शेजारच्या काकूंकडे दे. तसराळे उचल. काठाखाली, शिलूचा अंगठा होता तिथे, चिखलात बोट घाल. निळ्या दोऱ्याचे टोक लागेल. कच्चा टाका आहे, सगळीकडून एकच दोरा फिरवला आहे, तुला माझी शिवण माहीत आहे. ओढ, म्हणजे सगळा दरबार एकदम सुटून खाली पडेल.

आता डोक्याच्या वर ने. खांदेकऱ्यांनो, उठा, बांबू खांद्यावर घ्या, फुटल्याचा आवाज ऐकल्याशिवाय मला हलवू नका.

आपट, पोरी. मला जाऊ दे.

हे सर्व मी सांगितल्याप्रमाणे लिहिले गेले, मला वाचून दाखवले गेले, आणि दोन ठिकाणी वन मास्तरांनी मऊ केलेले शब्द मी पुन्हा कडक करून घेतले.

लिहून देणार: यान थाङ. सही येत नाही, म्हणून कागदात माझ्या हाताने निळ्या दोऱ्याचा एक टाका घातला आहे. तो उसवला तर पत्र खोटे समजावे.

साक्षीदार: हाओ गुईतियन, शवपेट्यांचे दुकान, मेंढीबाजाराची गल्ली. सही.
साक्षीदार: शाङ लाओचू, कुंभार, वेशीबाहेर. अंगठा.
लेखक: वन चिंगयान, पत्रलेखक, श्वेनवू वेस. सही.

ठिकाण: राजधानी, श्वेनवू वेशीबाहेर.
दिनांक: दाओग्वांग राजवटीचे तिसावे वर्ष, तिसरा महिना, नववी तिथी. राजवटीचे नाव स्वर्गवासी बादशहांचेच आहे, वर्ष संपेपर्यंत तेच चालवायचे, कारण नवे पुढच्या वर्षी येईल.